हॅरिएटला कोणी विचारले होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला आठवडा लावला, कारण तिच्यातला काही भाग मला मान्य करावा लागणार हे पहिल्या वाचनातच कळले होते. मूळ लेखात मी आमच्या चर्चच्या मंडळीतले एक कुटुंब मिशनरी म्हणून केनियाला जायची तयारी कशी करत होते ते सांगितले होते, आणि ते सांगताना १८१२ साली अमेरिकेतल्या सेलम बंदरातून निघालेल्या न्यूएल आणि जडसन या दोन जोडप्यांची आठवण काढली होती. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. एकोणीस वर्षांच्या हॅरिएट न्यूएलला धर्माच्या नावाखाली घाईघाईने लग्न लावून मृत्यूच्या तोंडी दिले गेले. हे मिशनरी कंपनी सरकारच्या छत्राखाली आले. आणि मी या सगळ्याला "भक्तीचा मुलामा" दिला.

कंपनीचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे आपली माहिती चुकीची आहे. त्या काळी परवान्याशिवाय मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात राहता येत नसे. इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी आपले बस्तान कलकत्त्यात न बसवता डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात बसवले, त्याचे कारण हेच. जून १८१२ मध्ये ही अमेरिकन मंडळी कलकत्त्याला उतरली तेव्हा कंपनीने त्यांना परत फिरण्याचा हुकूम दिला. त्यातच अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि ही माणसे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. दुसऱ्या जहाजाने आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. त्यांनाही इंग्लंडला रवाना करायचे ठरले होते. ते कोचीनपर्यंत निसटले आणि तिथून पुन्हा मुंबईत आणले गेले. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे हॉल यांनी केलेले अर्ज आणि १८१३ चा सनदी कायदा यांमुळे अखेर त्यांना राहता आले. पुढच्या काळात ब्रिटिश राज्याच्या स्थैर्याचा मिशनला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. अहमदनगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, यातच सगळे आले. परंतु १८१२ सालच्या जोडप्यांना सरकारी छत्र होते असे म्हणणे म्हणजे घरातून हाकलून दिलेल्याला घरजावई म्हणण्यासारखे आहे.

आता हॅरिएटकडे येतो.

घाई झाली हे तारखांवरून दिसते खरे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पुरुषांचा दीक्षाविधी झाला, ९ तारखेला हॅरिएट अ‍ॅटवूड आणि सॅम्युएल न्यूएल यांचे लग्न झाले आणि १९ तारखेला 'कॅराव्हान' जहाजाने बंदर सोडले. मात्र निर्णय दहा दिवसांत झालेला नव्हता. ऑक्टोबर १८१० मध्ये मैत्रीण अ‍ॅन हॅझेलटाइनने (हीच पुढे जडसन यांची पत्नी झाली) आपण देश सोडून जाणार असल्याचे सांगितले, तेव्हापासून हा विचार हॅरिएटच्या रोजनिशीत घोळताना दिसतो, आणि न्यूएल यांचे मागणीचे पत्र १८११ साली आले. मध्ये निदान दहा महिने गेले. वडील वारलेले होते, घरी विधवा आई होती, आणि आईने अडवले तर राहीन असे हॅरिएटने मनाशी ठरवले होते. आईने अडवले नाही. अ‍ॅनच्या वडिलांना तर जडसन यांनी पत्रात स्पष्टच विचारले होते की मुलगी या जन्मी पुन्हा दिसणार नाही, तिला हाल सोसावे लागतील, कदाचित तिकडेच मरण येईल, हे मान्य आहे का. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. असे मागणीपत्र मी दुसरे वाचलेले नाही. त्यात फसवणूक नाही, आणि तरीही ते पत्र वडिलांना लिहिलेले होते, ही गोष्ट आपल्या बाजूची.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. हॅरिएटला विचारले गेले आणि तिने विचार करूनच होकार दिला. तिला केवळ बळी म्हटले की तिच्या रोजनिशीतली ती जागी, घाबरलेली, स्वतःशी वाद घालणारी मुलगी आपण दुसऱ्यांदा गप्प करतो. पण ज्या गोष्टीला तिने होकार दिला तिची तयारी मात्र तिच्याकडून कोणी करून घेतली नव्हती. पुरुषांना अँडोव्हरच्या सेमिनरीत धर्मशास्त्राचे शिक्षण मिळाले होते. बायकांना निघण्यापूर्वी एक प्रवचन मिळाले: हेव्हरिल येथे पाळक जोनाथन अ‍ॅलन यांनी दोघींना उद्देशून सांगितले की जिथे तुमच्या पतींचा प्रवेश होणार नाही अशा स्त्रियांना शिकवणे हे तुमचे काम. काम नेमून दिले. ते कसे करायचे हे कोण शिकवणार? जहाजावर अन्न जाईना तेव्हा व्यायाम हवा असे या तरुण मंडळींच्या लक्षात आले आणि ती डेकवर दोरीवरच्या उड्या मारू लागली. संतचरित्रात न शोभणारा हा तपशील मला फार जवळचा वाटतो.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. कलकत्त्यातून निघावे लागले तेव्हा हॅरिएट गरोदर होती. मॉरिशसच्या वाटेवर समुद्रातच मुलगी झाली, वादळी पावसात गारठली आणि पाचव्या दिवशी गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे क्षयाने हॅरिएटही गेली. आपल्या आक्षेपाचा सर्वांत खरा भाग त्यानंतरच्या इतिहासाला लागू पडतो: १८१४ मध्ये तिची रोजनिशी आणि पत्रे पुस्तकरूपाने निघाली, पुस्तक भराभर खपले, आणि एकही दिवस शिकवू न शकलेली ही मुलगी इतरांना परदेशी पाठवण्यासाठी आदर्श म्हणून वापरली गेली. मुलामा असेल तर तो तिथे चढला, आणि माझ्या लेखातली दोन वाक्ये त्याच डब्यातून आली होती, हे कबूल करतो.

मात्र "यातून निघाले काय?" या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर वेगळे आहे. १८२७ मध्ये, या जोडप्यांना ज्या अमेरिकन मिशनरी संस्थेने पाठवले होते त्याच 'अमेरिकन बोर्डा'ने सिंथिया फेरार यांना मुंबईला पाठवले. त्या अविवाहित होत्या, स्वतः शिक्षिका होत्या, कोणाच्या पत्नी म्हणून आल्या नव्हत्या. त्यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिकांमध्ये फेरारबाईंचे नाव घेतले जाते. १८६२ साली नगरमध्येच त्या वारल्या. हॅरिएटच्या मरणापासून सावित्रीबाईंपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. तयारी करून आलेली बाई काय करू शकते, एवढेच यातून दिसते.

केनियाच्या कुटुंबाबद्दल आपण लिहिले आहे की मी "आनंदाचे फोटो" तेवढे दाखवले. ते खरे आहे, तेव्हा राहिलेले आता सांगतो. यलो फीवरची लस, व्हिसाची कागदपत्रे, पाचारणाविषयी, म्हणजे देवाच्या बोलावण्याविषयी, पाळकसाहेबांशी झालेल्या बैठका, या सगळ्यांत नवऱ्याचे सहा महिने गेले. बायकोचे सहा महिने वजनकाट्यापाशी गेले. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा जमिनीवर 'उपासना संगीत' हे भक्तिगीतांचे पुस्तक, काळ्या मसाल्याची दोन पाकिटे आणि सासूबाईंचे पोळपाट मांडलेले होते, आणि काटा पावणेदोन किलो जास्त दाखवत होता. ताईंनी पोळपाट बाजूला काढले, मग पुन्हा ठेवले, मग मुलाचे बूट काढले. चौदा वर्षांची थोरली मुलगी दाराला टेकून बघत होती. तिला मी विचारले, "तुझी तयारी झाली का?" ती म्हणाली, "काका, निरोपाच्या उपासनेत सगळ्यांनी आम्हाला आशीर्वाद दिले. मला जायचंय का, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारताय." मी ते विचारले नव्हते. मी बॅगेबद्दल विचारले होते.

हा प्रसंग मी लेखातून वगळला, कारण तो त्या कुटुंबाला लागेल असे वाटले. आता ताईंची परवानगी घेऊन लिहितो आहे. मुलगी तिकडे शाळेत जाऊ लागली आहे. आनंदात आहे की नाही, हे तिच्या वतीने मी सांगणे बरे नव्हे.

शेवटी, दोन्ही जोडपी सेलमहून "मुंबईसाठी" निघाली असे मी लिहिले होते. आपण म्हणता त्याप्रमाणे जहाज कलकत्त्याला जाणारे होते. ते वाक्य काल दुरुस्त केले आहे, आणि मुलाम्याची ती दोन वाक्येही काढली आहेत.