आयत्या वेळचा विषय

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदा एकच ठराव एकमताने मंजूर झाला, आणि तो माझ्या टॅब्लेटविरुद्ध होता. लिफ्टच्या देखभालीवर एकमत नाही, टाकीच्या गळतीवर नाही, भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालण्यावर तर मुळीच नाही. पण सेक्रेटरींनी, म्हणजे मी, यापुढे सभेत 'हे असलं यंत्र' आणू नये, यावर तळमजल्यापासून गच्चीखालच्या फ्लॅटपर्यंत सगळ्यांचे हात वर. सूचक, नोट प्रेसवाले काका. अनुमोदकाचं नाव इतिवृत्तात लिहावंच लागेल, इथे लिहीत नाही. ती माझी बायको आहे.

सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, ही सभा घ्यावी लागते. मार्च ते ऑगस्ट कोणालाही वेळ नसतो, म्हणून ती सप्टेंबरात, ऐन पावसात, पार्किंगमध्ये होते. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी नाशिकच्या इंदिरानगरातल्या पार्किंगमध्ये, छत गळत असताना, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय घेतला असेल असं वाटत नाही.

यंत्राबद्दल थोडं सांगतो. टॅब्लेटच तो, पण मागून पाय फुटलेला आणि पुढून लोहचुंबकाने चिकटणारा कीबोर्ड असलेला. जुना लॅपटॉप गेला तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, आता लॅपटॉप वेगळा आणि टॅब वेगळा कशाला? दोन्ही एकात घ्या." घेतलं. कीबोर्डचे पैसे वेगळे होते. पेनाचे वेगळे. दोन वस्तूंऐवजी एक घ्यायला गेलेला माणूस तीन पावत्या घेऊन बाहेर पडला. प्रोजेक्टरला जोडायचा अॅडाप्टर ही चौथी पावती. ती नंतर आली.

आणि हे खूळ काही त्या मुलाच्या डोक्यातून निघालेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ सालीच विंडोज एक्सपीची खास टॅब्लेटसाठीची आवृत्ती काढली होती, पेनाने पडद्यावर लिहायची. जगाने लक्ष दिलं नाही. २०१२ साली त्यांचाच 'सरफेस' टॅब्लेट आला. त्यातल्या 'आरटी' नावाच्या स्वस्त भावंडावर विंडोजची जुनी सॉफ्टवेअरं चालतच नव्हती, आणि पुढच्या वर्षी कंपनीला त्या मालापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. आमच्या सोसायटीत पंपाच्या दुरुस्तीचे नऊशे रुपये जास्त लागले तर खजिनदाराला रात्री अकरापर्यंत उभं करतात. २०१४ साली सरफेस प्रोची तिसरी आवृत्ती 'तुमच्या लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट' अशा जाहिरातीसकट आली, आणि २०१५ मध्ये अॅपलनेही आयपॅड प्रोला कीबोर्ड जोडला. माझं यंत्र या दोघांचंही नाही. ज्यांचं आहे त्यांचं नाव घेत नाही. वॉरंटी अजून शिल्लक आहे.

खरी भानगड वजनाची आहे. लॅपटॉपची बॅटरी, बोर्ड, सगळा ऐवज कीबोर्डच्या खाली असतो. बूड जड, म्हणून पडदा निवांत उभा राहतो. यात सगळा ऐवज पडद्याच्या पाठीमागे, आणि कीबोर्ड म्हणजे नुसता कापड लावलेला पुठ्ठा. सोडलं की मागे कलंडणार. म्हणून पाय. आणि पाय म्हटला की त्याला टेकायला मागे आणखी वीतभर सपाट, कडक जागा हवी. माणसाची मांडी गुडघ्यापाशी संपते, हे ज्यांनी हा पाय काढला त्यांना कोणी सांगितलं नसावं. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसतो तेव्हा पाय गुडघ्याच्या अगदी काठावर असतो. कसाऱ्याच्या घाटात गाडी जरा हलली की माझा अहवाल समोरच्या माणसाच्या चपलांवर.

सभेत मांडीचा प्रश्न नव्हता. टेबल होतं. पण ते इस्त्रीवाल्याचं होतं. त्यावर घडी घातलेलं घोंगडं, वर जळक्या डागांची चादर. पाय त्यात हळूहळू रुतत गेला आणि जमाखर्च छताकडे बघू लागला. प्रोजेक्टर एका सभासदाच्या क्लासमधून आणला होता. यंत्राला पोर्ट एकच. त्यात चार्जर घातला तर प्रोजेक्टर नाही, आणि अॅडाप्टर लावून प्रोजेक्टर जोडला तर त्याने भिंतीवर निळ्या रंगात 'सिग्नल नाही' एवढंच लिहिलं. ते सगळ्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ज्यांना बघायचंय त्यांनी जवळ या."

जवळ आले ते काका.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस कागदाकडे तुमच्या-माझ्यासारखं बघत नाही. काका तपासणीत होते. लग्नाची पत्रिका दिली तरी आधी मागची बाजू बघतात, मग अंगठ्याने कड चाचपतात, मग आहेराचं विचारतात. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांच्या, आकड्यावर बोट ठेवलं.

आपल्याकडे आकडा दाखवायचा म्हणजे त्यावर बोट ठेवायचं. वहीत ठेवतात, पासबुकात ठेवतात, किराण्याच्या यादीत ठेवतात. त्या बोटाने शतकानुशतकं कागदाचं काही बिघडलं नाही. स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या पडद्यावर मात्र बोट हा हुकूम असतो. काकांनी बोट ठेवून ते जरा वर सरकवलं, आणि सिंकिंग फंड गेला.

"पळाला!" काका ओरडले. "सेक्रेटरीसाहेब, आकडा पळाला!"

"पळाला नाही काका, पान वर गेलं. बोट लावू नका, नुसतं लांबून दाखवा."

"लांबून? हिशेबावर बोट ठेवायचं नाही?" ते वळून सभेला म्हणाले, "ऐकलंत? बोट ठेवायचं नाही म्हणतात."

मागून कोणीतरी हसलं. मी आकडा परत आणला. त्यांनी परत बोट ठेवलं. या वेळी दोन बोटं पडली आणि रंगकामाचा खर्च एवढा मोठा झाला की पडद्यावर फक्त त्याची शून्यं मावली. पहिल्या रांगेतल्या बाईंनी "अगं बाई, एवढा?" म्हणून तोंडावर हात ठेवला. तो खर्च गेल्या सभेत त्यांनीच मंजूर केला होता.

दोन कामं एकात करणाऱ्या गोष्टींशी नाशिककरांचं वैर नाही, हे इथे सांगायला हवं. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आमचा देवही आहे आणि पूरमापकही. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की पाणी त्याच्या कमरेला आहे का गळ्याला, हे बघायला अर्धं शहर पुलावर जमतं. जिल्हा प्रशासनाचे क्युसेकचे आकडे कोणाला कळत नाहीत, मारुतीच्या गळ्यापर्यंतचं पाणी पोरालाही कळतं. कितीही पूर येवो, तो कधी म्हणाला नाही की आता मी फक्त मूर्तीच्या मोडमध्ये आहे.

माझं यंत्र म्हणालं. कारण काकांनी ते उचललं. आणि कोणताही माणूस उचलेल तसं, वरच्या कडेला धरून. लोहचुंबकाने हात सोडला आणि कीबोर्ड इस्त्रीच्या चादरीवर पडला. पार्किंगमध्ये एकदम शांतता.

"तुटलं," कोणीतरी म्हणालं.

"तुटलं नाही," मी म्हणालो. "निघालं. ते निघतंच."

"निघतं?" काका म्हणाले. "पैसे देऊन घेतलेलं निघतं?"

"सोय आहे ती, काका."

"कोणाची?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काकांनी ते तिरकं केलं तसं आतलं चित्रही फिरलं. त्यांनी दुसरीकडे तिरकं केलं, ते परत फिरलं. मग त्यांनी यंत्र सरळ ट्यूबलाइटसमोर धरलं आणि एक डोळा मिटला. मी शपथेवर सांगतो, ते वॉटरमार्क शोधत होते.

"मागून कोरं आहे हे."

"हो, मागून कोरंच असतं."

"एका बाजूने कोरी राहिलेली नोट आम्ही बाद करायचो," काका म्हणाले, आणि त्यांनी ते माझ्याकडे अशा हाताने परत केलं की मलाही क्षणभर वाटलं, हे बादच करायला हवं.

एवढ्यावर भागलं असतं. पण या धावपळीत पडदा झोपी गेला होता. तो उठला तेव्हा यंत्र अजून अर्धं काकांच्या हातात होतं, आणि उठल्याउठल्या या यंत्राला समोरचा चेहरा ओळखायचा असतो. त्याने काकांचा चेहरा न्याहाळला, बारीकसा ठिपका इकडून तिकडे फिरवला, आणि कळवलं की ओळख पटली नाही.

"काय म्हणतंय?"

"काही नाही, पिन टाकायला सांगतंय."

पण शेजारच्या कॉलेजातल्या पोराने ते मराठी करून मोठ्याने सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. "मला ओळखत नाही? मी १९९४ पासून राहतो इथे. या बिल्डिंगची पहिली वीट पडली तेव्हा मी उभा होतो. आणि हे काल आलेलं मला ओळखत नाही?"

मी घाईघाईने पिन टाकायला गेलो, तर कीबोर्ड निघालेला असल्याने पडद्यावरचाच कीबोर्ड खालून वर आला आणि अर्धी जागा खाऊन बसला. तोवर काकांनी हात वर केला होता. अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळचा विषय.

आता हसून झालं असेल तर माझं थोडं ऐकून घ्या. त्या यंत्रात, तिसऱ्या पानावर, थकबाकीदारांची यादी होती. मी कित्येक संध्याकाळी बँकेच्या नोंदी आणि पावतीपुस्तकं जुळवत बसलो होतो. मेंटेनन्स कोणी किती महिने दिलेला नाही, हे नावापुढे लाल रंगात होतं. ठरावाला हात वर झाले तेव्हा सगळ्यात आधी वर गेलेले हात मी पाहिले आहेत. ते सगळे लाल होते. यादीपर्यंत सभा पोचलीच नाही. 'बाकीचे हिशेब पुढच्या वेळी वहीत आणा' एवढं म्हणून चहा आला. सेक्रेटरीचं पद मानद असतं, म्हणजे मान नाही आणि धनही नाही. ज्यांना वही हवी आहे त्यांनी ती लिहायलाही यावं, माझी काही हरकत नाही. एकही जण आला नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली, "मी काकांच्या बाजूने नव्हते. मी जेवायच्या टेबलाच्या बाजूने होते. तुमचं ते पाय पसरून बसतं, भाजीचं पातेलं ठेवायला जागा राहत नाही."

यंत्र चांगलंच आहे, हे मी अजूनही म्हणतो. वाचायला, पेनाने खुणा करायला, पडल्या पडल्या बघायला त्याला तोड नाही. प्रश्न फक्त काम करायचं असेल तेव्हाच येतो.

तर इतिवृत्त छापायचं होतं. सोसायटीच्या ऑफिसात एक जुना प्रिंटर आहे, दणकट, धूळ खाऊनही चालणारा. माझ्या यंत्रात मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर आहे. त्यावर विंडोज जुनी सॉफ्टवेअरं सोंग घेऊन चालवून दाखवतं, पण ड्रायव्हरला सोंग चालत नाही, तो त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. या प्रिंटरसाठी तो कोणी बनवलेला नाही. म्हणून मी सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो.

त्याच्याकडे अक्षरं पुसून गेलेल्या कीबोर्डचा जुना डेस्कटॉप. पेन ड्राइव्हवर आणलंय का, त्याने विचारलं. पेन ड्राइव्ह माझ्या पोर्टात बसत नाही. मेल करा म्हणाला, तर त्याचं इंटरनेट सकाळपासून बंद. "मग समोर धरा, बघून मारतो." टेबलावर स्टॅम्प पेपरचे गठ्ठे, पायाला जागा नाही. मी उभा राहून दोन्ही हातांनी यंत्र धरलं.

"जरा वर. अजून. चमकतंय, तिरकं करा. हां, हलू नका."

तो कीबोर्डकडे न बघता टायपायचा, मी न हलता धरायचो. पान संपलं की मी अंगठ्याने सरकवायचो. रांग वाढत होती. थोड्या वेळाने हात भरून आले, म्हणून मी एका हातावर घेतलं. मागे उभ्या असलेल्या बाईंनी मला नीट न्याहाळलं, पिशवीतून प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा काढला आणि माझ्या मोकळ्या हातात दिला.

"दादा, यांचं झालं की हे धरा. बारीक अक्षर आहे, जरा जवळ धरा."

मी धरलं.