घोटा मुरगळल्यावर फिरणाऱ्या 'त्या' मेसेजबद्दल

ठाण्यातल्या रनिंग ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय: घोटा मुरगळला आणि एक्स-रे नॉर्मल आला तर काही झालेलं नाही, गरम तेलाने जोरात चोळा, दुखणं पूर्ण जाईपर्यंत पाय टेकवू नका आणि दुखायचं थांबलं की पहिल्यासारखं पळायला लागा. मॅरेथॉनच्या तयारीतली पोरं हे खरं मानून तसंच करतायत, म्हणून लिहितेय.

एक्स-रेचं आधी बघू. त्यात हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारी चिवट पट्टी) नाही. पाय आत वळून मुरगळला की बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलेलं किंवा फाटलेलं असतं, त्यामुळे नॉर्मल म्हणजे फ्रॅक्चर नाही, बस एवढंच. पण चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा.

चोळणं आणि शेक पहिले दोन-तीन दिवस नकोच, सूज वाढते.

पाय टेकवू नका हा सल्ला मात्र सगळ्यात जास्त नुकसान करतो. आराम, बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच हा फॉर्म्युला 1978 मध्ये अमेरिकेतले स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉ. गेब मर्किन यांनी दिला, आणि 2014 मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. साधं मुरगळणं असेल तर एक-दोन दिवसांनी सोसेल तेवढा भार टाकायला लागायचं, नाहीतर घोटा आखडतो, पोटरी बारीक होते आणि मग तेच भरून काढत बसावं लागतं. चालताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर समजायचं की काल जास्त झालं.

आणि दुखायचं थांबलं म्हणजे पाय तयार झाला, असं अजिबात नाही हो! दुखणं आधी जातं, ताकद आणि तोल नंतर येतात. स्वयंपाकघरात ओट्याला बोट टेकवून त्या पायावर उभं राहा, मग बोट काढा, बघा घोटा कसा थरथरतो आणि दुसरा पाय कसा पटकन खाली येतो. एका पायावर उभं राहणं, टाच उचलणं, छोटी उडी, हे चांगल्या पायाइतकं जमलं की उपवन तलावाशी सपाटीवर थोडं चालणं थोडं पळणं सुरू करा. येऊरच्या डोंगराचा उतार सगळ्यात शेवटी, आणि पावसात रस्ता निसरडा असेल तर तेव्हाही नाही.