दहा मिनिटांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हलका लॅपटॉप घेताना टचस्क्रीनसाठी जादा पैसे मोजू नयेत, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण नाव लिहिलेले नाही, त्यामुळे 'महोदय' यापलीकडे आपल्याला काय म्हणावे हे मला कळत नाही. आपण महोदया असाल तर दोष माझा नव्हे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेखातील वजनाचा आकडा चुकीचा आहे. टच आणि बिनटच लॅपटॉपच्या बॅटरीतील फरक टचमुळे नसून रेझोल्यूशनमुळे, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) संख्येमुळे आहे. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या टचस्क्रीनही मिळतात. पडद्यावर लिहायच्या पेनाचा विचारच केलेला नाही. आणि उभ्या पडद्यावर टच वापरून हात दुखतो हे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांचे २०१० सालचे मत आज उगाळण्यात अर्थ नाही, असे आपले पाच आक्षेप आहेत. त्यानंतर आपण लिहिता : "लेखकाने टचस्क्रीन दुकानात दहा मिनिटांपलीकडे वापरलेली दिसत नाही, कोल्हापुरात बसून असेच लेख लिहिले जाणार."

म्हणजे आपल्या सहा वाक्यांपैकी पाच लॅपटॉपबद्दल आहेत आणि सहावे माझ्याबद्दल. मी उत्तराची सुरुवात सहाव्यापासून करतो, कारण वाचणाऱ्याच्या लक्षात तेच राहते, आणि हे ठाऊक असल्यानेच आपण ते शेवटी ठेवले असावे.

मी टचस्क्रीनचा लॅपटॉप दहा मिनिटे नव्हे, चार वर्षे वापरला आहे. २०१३ च्या दिवाळीत येथील एका दुकानातून मी तो घेतला. त्या काळात हलका म्हणून विकला जाणारा, पावणेदोन किलोचा, विंडोज ८ असलेला तो लॅपटॉप होता. आदल्या वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बाजारात आणताना जुने स्टार्ट बटणच काढून टाकले होते आणि सगळा पडदा बोटाने दाबायच्या चौकोनांनी भरला होता. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, दोन वर्षांनी टचशिवाय लॅपटॉप मिळणारच नाही, आत्ताच घेऊन टाका." मी घेऊन टाकला. आज बारा-तेरा वर्षांनीही टचशिवायचे लॅपटॉप ढिगाने विकले जात आहेत, आणि तो दुकानदार आता दुसरेच काही 'आत्ताच घेऊन टाका' म्हणत असेल.

माझे काम फाउंड्रीतील कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागांच्या तपासणीचे आहे. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव अशा कोल्हापूरच्या तिन्ही औद्योगिक भागांत मला लॅपटॉप घेऊन फिरावे लागते आणि रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या कास्टिंगचा अहवाल बऱ्याचदा शॉपमध्ये उभ्यानेच, एखाद्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवून भरावा लागतो. मोल्डिंगच्या वाळूचा काळा थर तिथे सगळ्यांच्याच बोटांवर असतो. कीबोर्डवर तो बसला तर दिसत नाही आणि अडतही नाही. चकचकीत काचेवर मात्र एका बोटाचा डाग संपूर्ण रकान्यावर पसरतो. हातमोजे घातले तर टच चालतच नाही, कारण ही काच दाबाने चालत नसून बोटामुळे तिच्यावरील विद्युतक्षेत्रात होणाऱ्या बदलावर चालते, आणि जाड हातमोज्यातून तो बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाण्याचा थेंब मात्र तिला बोटासारखा वाटू शकतो. २०१४ च्या जुलैमध्ये माझ्या रेनकोटच्या बाहीतून पडद्यावर चार थेंब पडले आणि एक्सेलमधील निवड आपोआप या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारू लागली. मी रुमालाने ते पुसायला गेलो तेव्हा रुमालानेही तेच केले. ज्याने कोल्हापूरचा जुलै पाहिला आहे त्याला हा प्रसंग अपवादात्मक वाटणार नाही.

तिसऱ्या वर्षी लॅपटॉप बॅगेत दाबला जाऊन काच एका कोपऱ्यात तडकली. चित्र पूर्वीसारखेच स्वच्छ दिसत होते, पण काच आणि तिच्यामागचे चित्र दाखवणारे पॅनेल एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे दोन्ही एकत्रच बदलावे लागतील, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले आणि साडेअकरा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. माझ्या सहकाऱ्याच्या बिनटच लॅपटॉपचे नुसते पॅनेल त्याच महिन्यात साडेचार हजारांत बदलून झाले होते. मी काच बदलली नाही. तडकलेल्या कोपऱ्यात बोट नसतानाही स्पर्श नोंदवले जात होते, म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टचस्क्रीन बंद केली आणि पुढचे वर्षभर तसेच काम केले. टच असे बंद करता येते, हे आपल्यासारखे जाणकार नेहमी सांगतात. पण बंद केल्यावर काच कुठे जात नाही, तिचे वजन जात नाही आणि तिच्यातले ट्यूबलाइटचे प्रतिबिंबही जात नाही. टचचे पैसे मोजून घेतलेला बिनटच लॅपटॉप कसा असतो, हे मला त्या वर्षात समजले. दहा मिनिटांत ते समजण्याजोगे नव्हते.

यावर आपण म्हणाल की हा जुना अनुभव आहे. म्हणून अलीकडचाही सांगतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा ३६० अंशांत उलटणारा नवा लॅपटॉप तीन आठवडे माझ्याकडे होता. तो उत्तम होता, हे मी आनंदाने मान्य करतो. त्यातील एक दिवस मी ठरवून हिशेब ठेवला : दिवसभरात पडद्याला माझे बोट पाच वेळा लागले, त्यांपैकी दोनदा कोपऱ्यात आलेली सूचना बंद करायला, एकदा नकाशा मोठा करायला, आणि दोनदा धूळ पुसताना, ज्यात एक फाइल उगाचच उघडली. बाकी सारे काम टचपॅड आणि कीबोर्डवर झाले, कारण हात मुळात तिथेच होते. प्रत्येक वेळी हात उचलून पडद्यापर्यंत न्यायचा, पडदा मागे डुलतो म्हणून अंगठ्याने त्याला मागून आधार द्यायचा, आणि मग जे दोन बोटांनी टचपॅडवर सरकवले असते तेच वर सरकवायचे. पातळ लॅपटॉपची बिजागरी एका बोटाने झाकण उघडण्याइतकी सैल ठेवली तर टच करताना पडदा हलतो. तो हलू नये म्हणून घट्ट केली तर झाकण उघडताना खालचा भागही सोबत उचलला जातो. दुकानात उभे असताना हे जाणवत नाही, कारण तिथे आपण स्क्रीनवर दोन चित्रे सरकवतो आणि खूश होतो.

आता 'कोल्हापुरात बसून' याविषयी. आपण कोणत्या शहरात बसून लिहिता हे आपण सांगितलेले नाही. ज्या मोटारीतून आपण ऑफिसला जाता तिच्या इंजिनातील एखादे कास्टिंग शिरोलीत ओतलेले असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या तपासणीचा अहवाल लॅपटॉपवरच भरलेला असतो. वातानुकूलित, काचबंद ऑफिसात बसणाऱ्याच्या गरजा म्हणजेच लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या गरजा, हे आपण गृहीत धरले आहे. माझे बहुतेक वाचक इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज या भागातील हिशेबनीस, शिक्षक, कर सल्लागार आणि माझ्यासारखे फिरतीवरचे लोक आहेत. त्यांच्या टेबलामागे उघडी खिडकी असते आणि बॅगेत लॅपटॉपशेजारी जेवणाचा डबा असतो. लेख त्यांच्यासाठी आहे. यात कोल्हापूरने कमीपणा मानावा असे काय आहे ते मला दिसले नाही, आणि आपण ते दाखवलेलेही नाही.

वजनाच्या आकड्याबाबत मात्र आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. डेलच्या २०१५ सालच्या एक्सपीएस १३ या लॅपटॉपमध्ये टच आणि बिनटच यांच्यात १८० ग्रॅमचा फरक होता असे मी लिहिले होते. बिनटच लॅपटॉपचे वजन १.१८ किलो आणि टचचे १.२७ किलो होते, म्हणजे फरक सुमारे ९० ग्रॅमचा. दुप्पट आकडा कसा पडला हे मलाही सांगता येत नाही. चूक ती चूक. फक्त एवढेच नोंदवतो की सव्वा किलोच्या आत असलेल्या वस्तूत ९० ग्रॅम म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास होतात, आणि याच ९० ग्रॅमना आपण 'नगण्य' म्हटले आहे. ज्याने हलका लॅपटॉप हवा म्हणूनच जास्त पैसे दिले, त्याला ते नगण्य का वाटावेत?

बॅटरीविषयी आपण मांडलेले गणितही ठीक आहे. त्याच लॅपटॉपच्या बिनटच पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल होते आणि टच पडद्यावर ३२०० बाय १८००, म्हणजे ५७.६ लाख, जवळजवळ पावणेतीनपट. बॅटरी टचमुळे कमी आणि पिक्सेलमुळे अधिक उतरत होती, असे आपण म्हणता, असेल. परंतु त्या लॅपटॉपमध्ये टच हवा असणाऱ्याला तोच पडदा घ्यावा लागत होता, तेव्हा चार्जर शोधणाऱ्या माणसाला बॅटरी कशाने संपली याची चिकित्सा करून काय मिळणार होते? आज समान रेझोल्यूशनचे दोन्ही प्रकार मिळतात, ही आपली पुढची ओळ मी वाचली आहे. तिच्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

उरलेले तीन मुद्दे मोठे नाहीत. मॅट टचस्क्रीन मिळतात, हे खरे. त्या बहुधा कोणत्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये मिळतात हे आपण लिहिलेले नाही, आणि माझा लेख पन्नास-साठ हजारांच्या खरेदीविषयी होता. पेनाबाबत सांगायचे तर माझी भाची वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे, ती पेनाने आराखडे काढते आणि तिच्यासाठी तो लॅपटॉप योग्यच आहे. लेख तिच्यासाठी नव्हता, हे पहिल्या परिच्छेदात लिहायला हवे होते असे कोणी म्हणेल. मला ते उघड वाटले होते. आणि उभ्या पडद्याला हात लावून काम केल्याने काही वेळाने हात भरून येतो, हे जॉब्ज यांनी २०१० मध्ये सांगितले असले तरी माणसाचा खांदा त्यानंतर बदललेला नाही.

लेखातील १८० चा आकडा आज ९० असा दुरुस्त केला आहे आणि दुरुस्ती झाल्याची नोंद लेखाच्या तळाशी घातली आहे. 'दहा मिनिटांपलीकडे' हे शब्द आपण मागे घेणार असाल तर तेही तिथेच लिहावे, शक्य झाल्यास नावानिशी.