ज्येष्ठा नक्षत्रापर्यंत गुलाब

नागपूरच्या उन्हाळ्यात फुले मरतात, पण निदान सरळ मरतात. पारा 45 अंशांच्या वर चढला की सकाळी फुलदाणीत ठेवलेल्या गुलाबाचा संध्याकाळपर्यंत पापड होतो आणि मृत्यूच्या कारणाविषयी घरात कोणाचेही दुमत राहत नाही. भाद्रपदातले मरण मात्र कपटी असते. पाऊस थांबलेला, ऊन चटका देणारे, हवेत ओल इतकी की मिठाचा दगड व्हावा. अशा हवेत पाकळ्या भरलेल्या दिसतात, देठ हिरवागार असतो, पाहणाऱ्याला कौतुक वाटते आणि आतला कारभार कधीच आटोपलेला असतो. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर यायचे, ज्येष्ठेवर जेवायचे आणि मुळावर निघायचे, हा त्यांचा कार्यक्रम ठरलेला असला, तरी फुलांना त्याची कल्पना नसते.

त्यातून फुले आदल्या दिवशी घ्यावीत तर भाव ऐकूनच माणूस मान टाकतो, म्हणून शहाणी कुटुंबे ती त्याच्याही एक दिवस आधीच आणतात. म्हणजे गुलाबाने आमच्या घरी देवींपेक्षाही जास्त मुक्काम करावा अशी अपेक्षा असते. सीताबर्डीच्या फुलबाजारात विक्रेता गुलाबांच्या जुड्यांवर डब्यातले पाणी सपासप मारत बसलेला असतो. कळ्यांवर जाळीच्या टोप्या चढवलेल्या असल्यामुळे आतले रूप दिसत नाही. "टिकतील का?" असे विचारले की तो दुखावल्यासारखा पाहतो आणि म्हणतो, "घेऊन जा ना जी भाऊ, चार दिवस काही नाही होत." काही होत नाही म्हणजे फुलांना की त्याला, हे विचारण्याची ती वेळ नसते. ते पाणी मारणेच खरे तर घातक आहे. दमट हवेत पाकळ्यांवरचे थेंब सुकत नाहीत आणि त्या ओलाव्यावर करडी बुरशी पोसली जाते. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, जो आपण धूळ समजून फुंकतो. तो उडत नाही. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी होऊन पसरतो, आणि बोट लावले की पाकळी बोटालाच चिकटून येते.

घरी आल्यावर पहिला संघर्ष फ्रिजचा. गुलाबाला 2 ते 4 अंशांची थंडी मानवते, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की फुलाचा श्वासोच्छ्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो आणि त्याच्या साठ्यातली साखर पुरवून पुरवून वापरली जाते. शास्त्र निर्विवाद आहे. परंतु आमच्या फ्रिजमध्ये त्या दिवशी सोळा भाज्या, पुरणासाठी शिजवून ठेवलेली डाळ, आंबिलाचे पातेले आणि कढीचे ताक यांनी आधीच वस्ती केलेली असते. "अहो, गुलाब आत ठेवायचे तर मग मी पडवळ कुठे ठेवू?" या पत्नीच्या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. शिवाय पिकलेल्या टोमॅटोतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने फुले लवकर म्हातारी होतात, असे मी सांगू लागलो तेव्हा तिने टोमॅटो बाहेर काढले नाहीत, मला स्वयंपाकघराबाहेर काढले.

हा इथिलीन तर देवघरात अधिकच उच्छाद मांडतो. महालक्ष्म्यांपुढे पिकलेल्या केळ्यांची फणी, सफरचंदे आणि त्यांना खेटून फुले, ही मांडणी परंपरेने ठरलेली आहे. आणि पिकलेले केळे व सफरचंद हे या वायूचे मोठे दाते आहेत. कार्नेशनला त्याचा वारा लागला तरी ते मिटून जाते. मी फुलदाणी हळूच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवतो, येणारी प्रत्येक सवाष्ण ती "इथे कशी दिसत नाही" म्हणून पुन्हा केळ्यांशेजारी आणून ठेवते. कूलरही मदतीला येत नाही. भाद्रपदात हवेतच इतके पाणी असते की कूलरचे पाणी उडून गारवा येत नाही. तो फक्त आवाज करतो आणि खोलीतली ओल वाढवतो.

मुख्य काम देठाचे. कापलेल्या देठातल्या बारीक नळ्यांत हवा शिरते, मग पाणी वर चढत नाही आणि भरल्या फुलदाणीत उभा असलेला गुलाब तहानेने मान टाकतो. म्हणून देठाचे टोक बादलीतल्या पाण्याखाली धरून, धारदार सुरीने दोनतीन सेंटिमीटर तिरपे कापावे. तिरपे अशासाठी की ते तळाला सपाट टेकून बसू नये. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजतात. कुजली की जिवाणू वाढतात आणि त्याच नळ्या बुजवतात. एवढ्या उकाड्यात रात्रीतून देठाचे टोक काळपट, बुळबुळीत होते, आणि झेंडूची जुडी असेल तर पाणी बदलताना जो वास सुटतो त्यापुढे धूपही शरण जातो. साखर घालावी म्हणणारे अर्धेच बरोबर असतात. साखर फुलाला पोसते तशी जिवाणूंनाही पोसते, म्हणून तिच्या जोडीला लिंबाचा रस आणि ब्लीचचे मोजके थेंब लागतात. माझे विचाराल तर घासून स्वच्छ केलेली फुलदाणी आणि रोज बदललेले पाणी यांपुढे बाकी सगळे उपचार दुय्यम आहेत. पाणी रोज ओतून दिले की आणखी एक फायदा होतो. डेंग्यूच्या डासाची पैदास तपासायला आलेल्या आरोग्यसेविका कूलरनंतर थेट फुलदाणीत डोकावतात, तेव्हा महालक्ष्म्यांसमोर मान खाली घालावी लागत नाही.

पण पाणी बदलण्यात कोणाला चमत्कार दिसत नाही. शेजारच्या काकू ॲस्पिरिनची गोळी टाका म्हणतात. त्यांनी स्वतः फुलदाणीत एक रुपयाचे नाणे टाकले होते, कारण तांब्याने फुले टिकतात. हल्लीचा रुपया स्टेनलेस स्टीलचा असतो. अमरावतीच्या आत्याने मात्र आमच्या फुलदाणीत, मी पाठ वळवल्याची संधी साधून, देव्हाऱ्यातला भोकाचा पैसा सोडला. 1943 ते 1947 या काळात पाडलेला हा पैसा ब्राँझचा, म्हणजे बहुतांशी तांब्याचा आहे, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. पण धातूचे तांबे साध्या पाण्यात इतके कमी उतरते की जिवाणूंना त्याची दखल घ्यावी लागत नाही.

ज्येष्ठेच्या दिवशी पुरणाची पंगत बसली तेव्हा गुलाब ताठ उभे होते. निशिगंध तर खालून वर उमलत जाणारा असल्याने उलट भरात आला होता. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला फुलदाणीचा तळ दाखवत होती. काकू प्रसादाला आल्या, पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचे गुलाब तर काल रात्रीच मान टाकून बसले ना जी." मी देठ पाण्याखाली कसा कापायचा, पाने कुठवर काढायची, केळी किती दूर ठेवायची, हे सगळे त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

"हो हो, ते तर करीनच मी," त्या वाटी पुढे करत म्हणाल्या, "पहिले तो भोकाचा पैसा द्या ना जी. उद्या परत करते."