दांडे बसवले, पण रात्री उठवणार कोण?

महारेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) २०२४ च्या नियमांमुळे ज्येष्ठांच्या वसाहती 'आता सुरक्षित झाल्या', हे एका लेखात वाचलेलं वाक्य अजिबात पटलं नाही. नियम चांगलेच आहेत: व्हीलचेअर जाईल एवढी रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये धरायला दांडे. पण हे सगळं बांधकामाचं झालं. माणसांचं काय?

माझी आई तळेगावजवळच्या अशाच एका वसाहतीत राहत होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, आणि परत आल्यावर व्यवस्थापन म्हणालं, "स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच ही सोय आहे." बाई आम्हीच शोधली, तीही फक्त दिवसाची. रात्री उठावं लागू नये म्हणून आई संध्याकाळी सहानंतर पाणीच प्यायची नाही. डबीत रात्रीच्या गोळ्या तशाच पडलेल्या असायच्या, कारण गोळी घ्यायची म्हणजे पाणी आलंच. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, याचं अजून वाईट वाटतं. घर बघायला जाल तेव्हा बाग आणि क्लबहाउस नंतर बघा. रात्री दोनला बेल दाबली तर कोण येतं आणि माणूस अंथरुणाला खिळला तर इथेच ठेवणार का, हे आधी लेखी घ्या.