ग्रॉक, त्रिपुटी आणि मंगळावरचा दुष्काळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'ग्रॉक' म्हणजे एखादी गोष्ट इतकी पुरती समजणं की समजणारा आणि ती गोष्ट वेगळी उरत नाही. या शब्दावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की 'ग्रॉक' हा मस्कच्या चॅटबॉटमुळे चलनात आलेला शब्द, मी त्याला उगाच खानदानी ठरवतोय. त्यामागची कल्पना म्हणजे आपल्याच वेदान्तातला त्रिपुटीलय (जाणणारा, जाणलेलं आणि जाणणं हे तिन्ही एकात विरणं), फक्त इंग्रजी वेष्टनात. आणि लेखातला लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचा परिच्छेद म्हणजे पाल्हाळ.

पहिल्याचा निकाल लगेच लागतो. चॅटबॉट आला २०२३च्या नोव्हेंबरात. शब्द घडवला रॉबर्ट हाइनलाइनने, १९६१च्या 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' या कादंबरीत. हिप्पींनी तो डोक्यावर घेतला, 'स्टार ट्रेक'वेड्यांनी 'आय ग्रॉक स्पॉक'चे बिल्ले मिरवले. मस्कने आयतं नाव उचललं, इतकंच.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जाणणारा आणि जाणलेलं यांतला भेद दोन्हीकडे पुसला जातो, हे खरंच. पण कादंबरीत हा शब्द उगवतो कुठून? मंगळावर पाण्याचं दुर्भिक्ष, आणि तिथल्या भाषेत ग्रॉकचा शब्दशः अर्थ 'पिणं'. मंगळवासीयांनी वाढवलेला स्मिथ पृथ्वीवर येतो. इस्पितळात जिल नावाची नर्स आणि तो एकाच ग्लासातलं पाणी पितात, आणि तिच्या ध्यानीमनी नसताना ती त्याची 'जलबंधू' होऊन बसते. जन्माचं नातं, एका घोटात! हा मामला साधनेचा नाही हो, तहानेचा आहे.

पुढे डॉ. महमूद हे पात्र जे सांगतं, ते त्रिपुटीत बसवून दाखवा. ग्रॉकमध्ये प्रेम येतं, भीती येते, द्वेषही येतो. किंबहुना ग्रॉक केल्याशिवाय खरा द्वेष करताच येत नाही. ईशावास्य तर नेमकं उलट सांगतं : सर्व भूतांत स्वतःला पाहणाऱ्याला कुणाचीच घृणा वाटत नाही. शत्रूला स्वतःत पुरता मुरवून घ्यायचं आणि मग त्याचा द्वेष करायचा, हे मला अद्वैतापेक्षा बरंच भीतिदायक वाटतं.

प्रोग्रामर मंडळींनी यातला द्वेष गाळला, बाकीचं ठेवलं. 'जार्गन फाइल' या त्यांच्या बोलीच्या कोशानुसार लिस्प 'येते' म्हणजे गरजेपुरता कोड लिहिता येतो. लिस्प 'ग्रॉक' केली म्हणजे प्रोग्रामिंगकडे बघायची नजरच पालटली. (लॉगस्टॅश या संगणकाच्या नोंदी चाळणाऱ्या साधनातलं 'ग्रॉक' नोंदीच्या ओळीतून तारीख नि आयपी पत्ता वेगळा काढतं. एवढ्याला कसलं ग्रॉक!) शिकणारा बदलतो, हा मूळ मुद्दा कादंबरीबाहेर सगळ्यात चांगला तिथेच टिकलाय. म्हणून तो परिच्छेद कापत नाही.