दाजी, दुर्बिणीतून पृथ्वी फिरताना दिसत नसते

आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. रोज दहा येतात, कुणाकुणाशी डोकं लावायचं? पण परवा भाचीचा फोन आला. आठवीत आहे, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण आहे तिचं. "मामा, ऐक ना, पाठ झालंय," म्हणाली आणि तोच मेसेज शब्दन् शब्द तिच्या तोंडून ऐकला. शेवटी वर "बरोबर आहे ना?" म्हणून विचारलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज असा: पूर्वी सगळं जग पृथ्वी सपाट मानत होतं. आपल्या आर्यभटाने दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य मध्यभागी असल्याचं सांगितलं आणि कोपर्निकसने ते चोरलं. 1609 मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पृथ्वी सूर्याभोवती फिरताना पाहिली. चर्चने त्याला जिवंत जाळलं. पण सत्य लपत नाही, सगळ्या शास्त्रज्ञांनी ते लगेच मान्य केलं. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

सपाट पृथ्वीचं दोन वाक्यांत उरकतो. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली गोल दिसते, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. कोपर्निकसच्या काळात शिकलेल्या माणसांत हा वादच नव्हता.

आता आर्यभट. इथे मला जास्त राग येतो, कारण अभिमान असलेल्यांनी आर्यभटीय एकदा तरी उघडायला हवं होतं. छोटं पुस्तक आहे, 121 श्लोकांचं. त्यात कालक्रियापाद या प्रकरणातला पंधरावा श्लोक बघा. ताऱ्यांच्या खाली शनी, मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र अशी उतरंड सांगून तो म्हणतो: 'एषामधश्च भूमिर्मेधीभूता खमध्यस्था'. या सगळ्यांच्या खाली, आकाशाच्या मध्यभागी, पृथ्वी मेधीसारखी उभी आहे. मेधी म्हणजे खळ्यातला तिवडा. मळणीला बैल ज्याच्याभोवती फिरतात तो मधला खांब. दाजी, तुमच्या वडिलांच्या खळ्यात तो होता, तुम्ही स्वतः बैलांमागे फिरलाय. तिवडा फिरतो का बैल फिरतात, ते तुम्हीच सांगा. आर्यभटाने सूर्याला बैलांच्या रांगेत ठेवलंय.

बरं, अर्धं खरं आहे तेही कबूल करतो, नाइलाजाने. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाने 499 च्या सुमारास स्वच्छ सांगितलं. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा गोलपादातला श्लोक आहे. फारच सुंदर दृष्टांत. आणि त्याचं आपल्याच लोकांनी काय केलं? वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्तानेही हे मत खोडून काढलं. पण स्वतःभोवती फिरणं वेगळं आणि सूर्याभोवती फिरणं वेगळं. सूर्य मध्यभागी या कल्पनेच्या जवळपास आपल्याकडे जर कुणी पोचलं असेल तर 1500 च्या सुमाराला केरळातला नीलकंठ सोमयाजी. त्याच्या मांडणीत ग्रह सूर्याभोवती फिरतात, आणि त्यांना घेऊन सूर्य पृथ्वीभोवती. त्याचं नाव या मेसेजमध्ये नाही, अर्थातच.

चोरीचा आरोपच करायचा तर दमास्कसकडे बघा. तिथल्या इब्न अल-शातिरने चौदाव्या शतकात केलेली चंद्राची मांडणी आणि कोपर्निकसची मांडणी सारखीच आहे. ती कोपर्निकसपर्यंत पोचली का आणि कशी, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण इब्न अल-शातिरनेही पृथ्वी मध्यातून हलवली नव्हती.

आता ते दुर्बिणीचं. हे वाक्य लिहिणाऱ्याने एक मिनिट थांबून विचार करायचा होता. गॅलिलिओ पृथ्वीवरच उभा होता ना? मग त्याला पृथ्वी फिरताना दिसली कुठून? चालत्या एसटीत बसून एसटीला लांबून जाताना बघण्यासारखं आहे हे.

त्याने प्रत्यक्षात जे पाहिलं ते पुष्कळ होतं. जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, त्या वर्षाअखेर शुक्र. माझ्या गच्चीवरच्या चार इंची दुर्बिणीतून भाचीने मागे शुक्र पाहिलाय, नखाच्या कातरणीसारखी बारीक कोर. गॅलिलिओने पाहिलं की ही कोर भरत भरत पूर्ण गोल होते, आणि गोल होताना लहान होत जाते. टॉलेमीच्या, पृथ्वी मध्यभागी ठेवणाऱ्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये, त्यामुळे तो कधी पूर्ण गोल दिसणं शक्यच नाही. म्हणजे टॉलेमी बाद.

पण टॉलेमी बाद म्हणजे कोपर्निकस पास, असं होत नाही. तिसरा उमेदवार होता, डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे. त्याची मांडणी: पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती, बाकीचे पाचही ग्रह सूर्याभोवती. यातही शुक्र अगदी तसाच दिसतो, तीच कोर, तोच गोल. दुर्बीण या दोघांत निवाडा करू शकत नव्हती. गॅलिलिओचा स्वतःचा लाडका पुरावा भरती-ओहोटीचा होता आणि तो साफ चुकलेला होता.

टायकोचा आक्षेपही येड्यागबाळ्याचा नव्हता. हात लांब करून अंगठा धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी जवळचा ताराही असाच सरकायला हवा. पुस्तकी मराठीत याला पराशय म्हणतात. टायकोची नजर एक-दोन कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अचूक होती, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा तिसावा ते पंधरावा भाग. त्याला काही सरकताना दिसलं नाही. मग तारे भयानक दूर असले पाहिजेत. पण डोळ्याला तर तारा छोट्या टिकलीएवढा दिसतो. तेवढ्या अंतरावर तेवढी टिकली दिसायची तर एकेक तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा भरत होता. यावर कोपर्निकसच्या बाजूच्या रोथमानचं उत्तर काय, तर देवाला काय अशक्य आहे! देवाला मध्ये आणलं ते सूर्यवाल्यांनी, हे त्या मेसेजवाल्यांना कुणीतरी कळवा. (ताऱ्याची ती टिकली खोटी असते, प्रकाश डोळ्यात आणि भिंगात पसरतो म्हणून दिसते. हे नीट कळायला पुढे दोनेकशे वर्षं लागली.) 1651 मध्ये रिच्चोली नावाच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने दोन्ही बाजूंचे मुद्दे मोजले तर 126 भरले, पृथ्वी फिरते याच्या बाजूने 49, विरोधात 77.

मग पटलं कशाने? हिशेबाने. कोपर्निकसचं पुस्तक 1543 चं, पण त्यावरून केलेली, ग्रह कधी कुठे दिसेल हे सांगणारी कोष्टकं टॉलेमीपेक्षा फार चांगली नव्हती. त्यानेही वर्तुळावर वर्तुळं चढवलीच होती. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने टायकोच्या मंगळाच्या नोंदी घेतल्या आणि वर्षानुवर्षं झुंजला. एका मांडणीत फरक फक्त 8 कलांचा राहिला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालतंय की. केप्लरने ती सगळी मांडणी मोडली, कारण टायको 8 कला चुकणार नाही याची त्याला खात्री होती. त्यातून 1609 मध्ये ग्रहाच्या कक्षेसाठी वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ आलं आणि 1627 मध्ये नवी कोष्टकं. 7 नोव्हेंबर 1631 ला बुध सूर्यबिंबावरून जाईल, हे त्याने आधीच सांगून ठेवलं, आणि 1630 मध्ये तो वारला.

त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी नावाचा खगोलशास्त्रज्ञ अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून बसला होता. खालच्या मजल्यावर मदतनीस सूर्याची उंची मोजायला, त्याला इशारा म्हणजे वरून पाय आपटायचा. सकाळभर ढग. मग सूर्य दिसला, त्यावर एक बारीक काळा ठिपका. गासेंदीला वाटलं सूर्यावरचा डाग असेल, बुध इतका लहान कसा? पण ठिपका डागापेक्षा फारच भराभर सरकत होता. केप्लरचा अंदाज चुकला तो सुमारे 10 कलांनी. कोपर्निकसवर बेतलेली जुनी कोष्टकं सुमारे 5 अंशांनी चुकत होती, म्हणजे तीसपट. ज्यांचं पोट पंचांगांवर आणि कोष्टकांवर चालायचं, त्यांनी कुणाची कोष्टकं वापरली असतील? बरं, त्या कोष्टकांच्या पोटात सूर्य मध्यभागी होता. 1687 मध्ये न्यूटनने लंबवर्तुळामागचं कारण दिलं, तेव्हा टायकोच्या बाजूने बोलायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

जाळण्याचं. जाळलं ते जॉर्दानो ब्रूनोला, 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममध्ये, आणि त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्ममतांचे होते. गॅलिलिओला 1633 मध्ये गुडघ्यांवर बसवून मत मागे घ्यायला लावलं, पुस्तकावर बंदी घातली आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. हे काही कमी वाईट नाही. पण तो 1642 मध्ये स्वतःच्या घरी वारला.

राहिलं 'लगेच'. तारे जरासे हलतात आणि ते पृथ्वी चालते म्हणून, हे ब्रॅडलीने 1729 मध्ये दाखवलं, तेही पराशय शोधताना वेगळंच काही सापडून. टायकोने मागितलेला पुरावा, म्हणजे प्रत्यक्ष पराशय, बेसेलने मोजला 1838 मध्ये, हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचा. एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्शाएवढा. तोवर सगळ्यांनी वाट पाहिली असती तर कोपर्निकसला 295 वर्षं लागली असती. कुणी पाहिली नाही. अगदी चर्चनेसुद्धा त्याचं पुस्तक बंदीच्या यादीतून गाळलं ते 1835 मध्ये, बेसेलच्या तीन वर्षं आधी.